पिंडरईच्या पुढं उभा ठिपका

गाडी मी सारी उमर खालून पाहिली. रुळाच्या बाजूला गिट्टीवर उभं राहिलं की चाकं डोळ्यांसमोरून जातात आणि खिडकीतली माणसं वर राहतात, आभाळाच्या बाजूला. वरून गाडी कशी दिसते हे मला सत्तरी उलटल्यावर समजलं, आणि तेही इस्पितळात. बायकोच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिच्यापाशी तिचा भाऊ बसून राहायचा, फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस. त्यानं आपला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "देखो दादा, ये रही बिटिया की गाड़ी." फोनमध्ये फिकट हिरवा नकाशा होता, त्यावर एक बारीक रेघ, आणि रेघेवर एक निळा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यात माझी पोरगी बसलेली होती, आईला भेटायला निघालेली.

रेल्वेत मी चाबीवाला होतो. गाड्या जाऊन जाऊन रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या होतात. हातोडा खांद्यावर टाकून रोज आपला तुकडा पायी चालायचा, ढिली चाबी दिसली की ठोकायची, रूळ तडकलेला दिसला तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं पळायचं, एवढं काम. शाळा चौथीपर्यंत. माझे आजोबा वर्ध्याकडून इकडं लाईनच्या कामाला आले आणि इकडचेच झाले. जबलपूरहून नैनपूर, गोंदियाकडं जाणारी छोटी लाईन होती, तिच्यावर माझी सगळी नोकरी गेली. आता तिथं मोठी लाईन झाली. जबलपुरातलं हाऊबागचं स्टेशन बंद पडलं, त्याच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर तसंच राहिलं.

बायको लग्न होऊन आली ती थेट शिकारा स्टेशनाच्या क्वार्टरात. एक खोली, पुढं रूळ, मागं सागाचं जंगल. पहिले सहा महिने ती दार लावून बसायची. मग तिला गाड्या समजायला लागल्या. स्टेशनावर रुळाचा एक तुकडा टांगलेला असे, गाडी पलीकडल्या बिनैकीहून सुटली की पोर्टर त्याच्यावर टोले द्यायचा. ते टोले ऐकले की ती भात चढवायची. गाडी येऊन जायची, तिच्या मागं मी तुकडा संपवून घरी पोचायचो, आणि भात नेमका उतरलेला असायचा. घड्याळ आमच्या घरी नव्हतं. गाडी उशिरा असली तर ती भात चढवायचीच नाही. चूल विझवून उंबऱ्यात बसायची, तासभर, दोन तास, उपाशी. कधी कुरकुर केली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं याच गोष्टीनं मला झोपू दिलं नाही.

त्या दिवसांपासून तिला एक सवय लागली. दिवसातून पाच-सात वेळा विचारायची, "कुठं आली वो?" गाडी हा शब्द तोंडातून निघायचा नाही. जबलपुरात राहायला आलो, घरातून रूळ दिसेना, तरी विचारायची. मी म्हणायचो, तुला काय करायचं आहे, तुला कुठं जायचं आहे. ती म्हणायची, सांगायला पैसे पडतात का. मग मी काहीतरी सांगायचो. बरगी. घंसौर. तेवढ्यावर ती खूश.

पौष महिना होता. तिच्या छातीत पाणी झालं होतं आणि नाकातोंडावर तो पारदर्शक मास्क. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, जिसको बुलाना हो बुला लीजिए. मी विचारलं, किती वेळ आहे. तो म्हणाला, बाबूजी, वो मशीन नहीं बताती. एकच पोरगी आहे आमची, गोंदियाला दिली. तिला फोन केला. ती म्हणाली, उद्या सकाळच्या गाडीनं निघते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात फार छान ऊन आलं होतं. उंच खिडक्या, आणि उन्हाचे चार लांबट तुकडे फरशीवर पडलेले. ते हळूहळू खाटांच्या खालून सरकत जात. बायांचा वॉर्ड, पण दिवसा आम्हा म्हाताऱ्यांना कोणी हटकत नसे. मी बायकोच्या कानाशी वाकून म्हणालो, "पोरगी निघाली बरं का." तिनं डोळे उघडले. मास्कच्या आतून आवाज आला.

"कुठं आली?"

तिथून हे सुरू झालं.

सकाळी पोरीचा फोन आला होता की गाडीत बसली, पण गाडी सुटायचं नाव नाही. तेवढ्यात फॅक्टरीवाल्यानं मला फोन दाखवला तर ठिपका बालाघाटला टेकलेला. तो माणूस हिंदी बोलायचा, मी मराठी, दोघांचं दोघांना कळायचं. जबलपुरात असंच चालतं. मी म्हणालो, "तुमचा हा सॅटेलाइट खोटारडा आहे. पोरगी अजून गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर आहे."

"ऊपरवाला झूठ नहीं बोलता दादा," तो म्हणाला, आणि मला समजावून सांगू लागला. इंजिनावर एक डबा बसवलेला असतो. तो आभाळातल्या उपग्रहांना विचारतो, मी कुठं आहे. उत्तर मिळालं की तो ते खाली कळवतो, आणि तिथून ते आपल्या फोनात येतं. उपग्रह चुकत नाही. पण कधी कधी खबरच येत नाही. मग फोन काय करतो, तर टाइमटेबल बघतो आणि या वेळेला गाडी इथं असायला पाहिजे म्हणून ठिपका पुढं सरकवतो.

"म्हणजे माहीत नसलं की मनानं चालवतो," मी म्हणालो.

"ऐसा ही समझो."

"मग ही नोकरी मीही करू शकतो."

तो हसला. त्याची बहीणही हसली, तिला ऐकू येत नाही तरी.

नैनपूरच्या आसपास ठिपका एकदा चक्क मागं गेला. दोन बोटं मागं, मग पुन्हा पुढं. मी फॅक्टरीवाल्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "होता है." मी मनात म्हणालो, होत नाही. गाडी मागं जात नाही. त्या वेळी माझं त्या ठिपक्याबद्दलचं मत पक्कं झालं. पोरगी नैनपूरहून बोलली होती, ते खरं. बायकोला मी तेच सांगितलं. "नैनपूर सुटलं." तिनं मान हलवली. नैनपूरच्या पुढं जंगल लागतं, पोरीचा फोन बंद. लावला की बाई बोलायची, आप जिनसे संपर्क करना चाहते हैं. मला त्या बाईचा राग येत नाही, तिचा आवाज चांगला आहे.

मग पिंडरई गेली, आणि पिंडरईच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर ठिपका थांबला.

पाव तास थांबला. अर्धा तास. फॅक्टरीवाला म्हणाला, "गाड़ी खड़ी है दादा."

"तिथं कशाला उभी राहील," मी म्हणालो. "ना स्टेशन, ना सिग्नल. उताराचा तुकडा आहे तो, तिथं ड्रायव्हर गाडी सोडून देतो. त्या तुकड्यावर मी म्हातारा झालो. तिथं गाडी उभी राहिलेली मी कधी पाहिली नाही."

"स्पीड ज़ीरो लिखा है."

"तुमच्या फोनला जंगल लागलं. माझ्या पोरीचा लागत नाही, तर इंजिनाचा कुठून लागेल?"

"इंजन का अलग है. टावर नहीं मिला तो वो सीधा ऊपर से खबर भेज देता है. देखो, नीचे लिखा है, अभी की खबर है. ये टाइमटेबल वाला नहीं है."

"सकाळीही तुम्ही असंच म्हणत होता."

"सुबह मैंने नीचे वाला पढ़ा नहीं था." तो जरा चिडला. "आप रेलवे वाले किसी की मानते नहीं."

"मानलं असतं तर तुमच्या फॅक्टरीचा माल आजही हाऊबागला पडून असता," मी म्हणालो, आणि फोन त्याला परत केला.

त्याला परत केला, हे खरं. मला तो नको झाला होता. तो ठिपका तसा उभा राहिलेला बघवत नव्हता. बायकोचा श्वास सकाळपेक्षा लहान झाला होता, आणि प्रत्येक श्वासानंतर थोडी जागा रिकामी राहत होती. त्या रिकाम्या जागेत मी गाडी पुढं ढकलावी असं मला वाटत होतं.

"कुठं आली?" तिनं विचारलं.

मी मनात वेळ धरली. उतार, मग तो वळसा, मग घंसौर. आतापर्यंत पोचायलाच पाहिजे. "घंसौर आलं," मी सांगितलं.

घंसौरपर्यंत मी अंदाज करून बोललो. चाबीवाल्याचा अंदाज असतो, तो फार चुकत नाही असं आम्ही समजतो. त्याच्या पुढं अंदाजही राहिला नाही. गाडी माझ्या हातात आली. उन्हाचा तुकडा खाटेच्या पायाशी आला होता, त्यात धूळ तरंगत होती, वॉर्डात कोणी बोलत नव्हतं, आणि मला डोळे उघडे असून ती लाईन दिसायला लागली. मोठी लाईन नाही. ती मी दोन-चार वेळाच पाहिली आहे. मला आमची दिसली, अडीच फुटांची, मधून गवत उगवलेली, लहान डब्यांची गाडी झुलत झुलत येते ती. इंजिन वाफेचं. पोरगी खिडकीपाशी, पण कधी मोठी दिसे, कधी सात-आठ वर्षांची, दोन वेण्या.

"बिनैकी," मी म्हणालो.

"फाटकवाला आहे का?"

बिनैकीचा फाटकवाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तिलाही ठाऊक होतं, आम्ही दोघं त्याच्या तेराव्याला जेवून आलो होतो. मी म्हणालो, "आहे. हिरवी झेंडी घेऊन उभा आहे."

"बकरी?"

"बकरीपण आहे. रुळावर येऊन राहिली आहे. तो हाकलतो आहे."

तिनं डोळे मिटून घेतले, पण झोपली नव्हती. ओठ हलत होते. मी सागाची झाडं सांगितली, पौषात त्यांची पानं कशी पापडासारखी वाजतात ते. गाडी वळणावर येते तेव्हा मागच्या डब्यातल्या माणसाला पुढचं इंजिन दिसतं, पोरीला ते फार आवडायचं, ते सांगितलं. मग एक मोरी, मग तिचं पाणी, मग पाण्यावर वाकलेलं जांभळीचं झाड. मी एकेक वस्तू सांगत होतो आणि ती वस्तू तिथं असायची. नसलेलं काही मी सांगितलं नाही. फक्त तिथं गाडी नव्हती.

"शिकारा आला," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "आपली खोली दिसली का तिला?"

"दिसली. धूर निघून राहिला आहे."

"कोण आहे आत?"

"तू आहेस. दुसरं कोण असणार."

ती हसली. मास्क आतून धुकटला आणि थोड्या वेळानं पुन्हा साफ झाला. मी ते बघत राहिलो. लग्नाला पन्नासावर वर्षं झाली होती, आणि मला तिचं हसू असं, काचेवरच्या वाफेसारखं, कधी दिसलं नव्हतं.

सुकरी मंगेला, बरगी. ऊन तिच्या चादरीवर चढलं. मी घाई केली नाही. छोटी गाडी जशी चालते तशीच चालवली, प्रत्येक हॉल्टला उभी केली, पाणी घेतलं, माणसं उतरवली. पण पुढं नेत राहिलो. मागं पाहिलं नाही, फॅक्टरीवाल्याकडं तर मुळीच नाही. तो खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होता, फोन त्याच्या मांडीवर पालथा ठेवलेला.

"पूल लागला," मी सांगितलं. "खाली नर्मदा आहे. पाणी निळं आहे, थंडीतलं. पोरीनं हात जोडले."

तिनंही हात जोडायला पाहिले. एका हाताला सुई होती, तो उचलेना. मी तो धरला आणि दुसऱ्या हातापाशी नेला.

"आता ग्वारीघाट," मी म्हणालो.

"आली म्हणजे."

"आली."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

मला वाटलं ती झोपली. मी हळू आवाजात पुढं सांगत राहिलो. ग्वारीघाटहून सुटली. कछपुरा. मदनमहालला सिग्नल मिळाला. आता प्लॅटफॉर्म येतो आहे, डावीकडून येतो. मग कोणाचा तरी हात माझ्या खांद्यावर पडला. नर्सदीदी होती. ती म्हणाली, "बाबूजी, बस कीजिए." मी विचारलं, काहून. तिनं मशीनचं बटण बंद केलं.

पोरगी आली तेव्हा वॉर्डातले दिवे लागले होते. ती पळत आली, एक चप्पल दारातच निघाली. मी तिला खाटेपाशी नेलं. तिनं आईच्या पायांना हात लावला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं विचारलं, "किती वाजता?"

मी वेळ सांगितली.

"तेव्हा आमची गाडी उभी होती," ती म्हणाली. "पिंडरईच्या पुढं. रुळावर गुरं आली, इंजिनाखालचा पाइप तुटला. दोन तास उभी होती, बाबा."

फॅक्टरीवाला तिथंच होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. बहिणीची चादर नीट करत राहिला. भला माणूस.

ग्वारीघाटावर दुसऱ्या दिवशी सगळं केलं. अस्थीही तिथंच सोडल्या. नावाड्यानं आम्हाला मधल्या धारेत नेलं. मी वर पाहिलं तर दूरवर पुलावरून एक गाडी जात होती, आवाज नाही, नुसती जात होती. मला वाटलं, हिच्यात कोण बसलं असेल आणि घरी कोणी त्यांना कुठं पोचवून ठेवलं असेल.

मग ते तेरा दिवस. लोक येत, बसत, जात. दुपारी मी आतल्या खोलीत पडायचो, डोळा लागायचा, आणि लाईन सुरू व्हायची. कधी मी हातोडा घेऊन चालत असायचो आणि एकही चाबी ढिली नसायची, मैलामागून मैल, सगळ्या पक्क्या. कधी ती उंबऱ्यात बसलेली असायची, चूल विझलेली. मी लांबून ओरडायचो, अजून आली नाही, बैस. ती मान हलवायची आणि बसून राहायची. जाग आली की छातीवर दगड. ती थांबणारी बाई होती. गाडी उभी आहे असं मी सांगितलं असतं, तर ती थांबली असती. मी सांगितलं, आली. मग ती कोणासाठी थांबणार?

दहाव्याला फॅक्टरीवाला घरी आला. चहा घेतला. मी त्याला विचारलं, "तो ठिपका खरा होता ना?"

"था," तो म्हणाला.

"सकाळचा खोटा आणि दुपारचा खरा. दोन्ही निळे. माझ्यासारख्यानं कसं ओळखायचं?"

त्यानं फोन काढून दाखवलं. ठिपक्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, खबर केव्हाची आहे, इंजिनाची आहे की अंदाजाची. अक्षरं मुंगीएवढी. मी डोळे बारीक करून पाहिली, लागली नाहीत. तो म्हणाला, "कंपनी वालों को बड़ा लिखना चाहिए." मी म्हणालो, "माणसानंही." त्याला कळलं नाही बहुतेक. माझ्या मनात होतं की मीही बायकोला जे सांगितलं त्याच्या खाली लिहायला पाहिजे होतं, अंदाजाची आहे. एवढं बोललो असतो तर झालं असतं. फोननं सकाळी जे केलं तेच मी दुपारी केलं. त्यानं निदान बारीक अक्षरांत कबूल तरी केलं होतं.

पोरीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती फोनवर सगळ्यांना एकच सांगायची. "आई माझी वाट बघत गेली. मी पोचली नाही." दिवसातून चार-चार वेळा. ते ऐकलं की मी अंगणात जायचो. सांगावं, तर आईला आपल्या बापानं खोटं सांगून पाठवलं हे तिला कळणार. न सांगावं, तर ती गोंदियाला जाऊन आयुष्यभर तेच म्हणत राहणार, वाट बघत गेली. दोन्हीकडं तोटाच.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं अंगणात उन्हात बसून मटार सोलत होतो. परवा तिला जायचं होतं. तिचा हात चालला होता, माझाही. मी दाणे टाकता टाकता सांगून टाकलं. सगळं. ठिपका थांबला, मी मानलं नाही, घंसौर, बिनैकी, पूल, ग्वारीघाट. ती म्हणाली आली म्हणजे, मी म्हणालो आली.

पोरीचा हात थांबला.

"मी त्या वेळी खाली उतरून गिट्टीवर उभी होती," ती म्हणाली. "ड्रायव्हर इंजिनाखाली वाकून बघत होता. मी विचारलं, भैया, कितना टाइम. तो म्हणाला दस मिनट. दोन तास दस मिनटच म्हणत होता."

मी पुढची शेंग फोडली.

"तुम्ही त्या काकांचं काहून ऐकलं नाही?"

"सकाळी त्यांचा फोन खोटा निघाला होता."

"मग आईला तसंच सांगायचं होतं ना. नक्की माहीत नाही म्हणून. ती काय लहान होती?"

"नव्हती."

"थांबली असती ती."

"हो," मी म्हणालो. "थांबली असती."

दुसरं काय म्हणणार. ती उठून आत गेली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मी मटार सोलत राहिलो. सावली भिंतीवरून खाली आली. ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुन्हा समोर बसली, पण शेंगेला हात लावला नाही.

"शिकाऱ्याला काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"हसली?"

"हसली. मास्कवर वाफ आली."

"आणि बरगीला?"

"बरगीला विचारलं, पोरीनं काही खाल्लं का. मी सांगितलं, शिंगाडे घेतले तिनं, उकडलेले."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. "बाबा, मी शिंगाडे खात नाही. लहानपणी उलटी झाली होती तेव्हापासून. आई माझ्यासाठी उपासाला वेगळं करायची."

मला हे ठाऊक नव्हतं. घरात राहून ठाऊक नव्हतं. घरात मी असायचोच कुठं, लाईनवर असायचो.

"तेव्हा ती काय म्हणाली?"

"काही नाही. थोडं थांबून म्हणाली, पुढं सांगा."

 बायकोला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते आता कोणाला विचारायचं. कळलं असेल तर ती गाडी आली नाही हे ठाऊक असून गेली, माझं मन राखावं म्हणून आली म्हणाली. कळलं नसेल तर मी तिला फसवलं. यातलं कोणतं खरं निघावं असं मला वाटतं, तेही मला ठरवता येत नाही.  पोरीनं सूप ओढून घेतलं आणि माझ्या सोललेल्या दाण्यांतले किडके वेचून बाजूला टाकू लागली.

संध्याकाळी तिच्या मावशीचा फोन आला. ती ओसरीत बोलत होती, मी आत दिवा लावत होतो. मावशीनं नेहमीचंच विचारलं असणार, कारण पोरगी म्हणाली, "नाही मावशी, वाट बघत नाही गेली. बाबांनी तिला सांगितलं होतं मी आली म्हणून."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, खोटंच होतं," पोरगी म्हणाली. "आमची गाडी तर उभी होती." आणि मग ती मावशीला सांगत बसली, सावकाश, पहिल्यापासून. गुरं कुठून आली, पाइप कसा तुटला, लोक खाली उतरून शेकोटीला काटक्या गोळा करू लागले, एका बाईनं तिला आपल्या शालीत घेतलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी काडी विझवली आणि दारामागं उभा राहून ऐकलं.